मांडव आणि मोर्चा : सांगली-सातारा, १९४३

१९४३ या एकाच वर्षात सांगलीने दोन मोठ्या घटना पाहिल्या आणि त्यांत साडेतीन महिन्यांचेही अंतर नव्हते. २४ जुलैला गणेशदुर्गातल्या तुरुंगातून वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी पहारेकऱ्यांच्या बंदुका घेऊन तटावरून खंदकात उतरले आणि भरदिवसा शहरातून कृष्णेच्या दिशेने पळाले. पाठलागात झालेल्या गोळीबारात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव मारले गेले. वसंतदादांच्या खांद्यात गोळी घुसली आणि ते पुन्हा पकडले गेले. त्यानंतर ५ नोव्हेंबरला याच सांगलीत मराठी रंगभूमीची शताब्दी साजरी झाली. महाराष्ट्रातले नाटककार, नट, गायक आणि रसिक जमले आणि अध्यक्षस्थानी विनायक दामोदर सावरकर होते. त्याच वर्षी श्री. म. माटे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलनही सांगलीतच भरले. आज या घटना दोन वेगळ्या कपाटांत ठेवलेल्या दिसतात. तुरुंगफोडीची गोष्ट स्वातंत्र्यलढ्याच्या पुस्तकात येते, शताब्दीची नाट्येतिहासात. एका पुस्तकात दुसऱ्याची दखल फारशी नसते. पण त्या वर्षी सांगलीत राहणाऱ्या माणसाला अशी सोय नव्हती. गोळ्यांचा आवाज त्याने ऐकला आणि नांदीचे सूरही त्यानेच ऐकले. त्याच्या नजरेने ते वर्ष पाहिले तर या दोन गोष्टी एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतात. लोकांनी एकत्र जमायचे ते कुणाच्या परवानगीने, हा तो प्रश्न. सांगलीचा मांडव परवानगीने जमलेल्या लोकांचा होता आणि साताऱ्याचे प्रतिसरकार, म्हणजे भूमिगतांनी चालवलेला समांतर कारभार, परवानगीवाचून जमलेल्या लोकांचे. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याखेरीज त्यांतले एकही नीट समजत नाही, असे मला म्हणायचे आहे.

हे समजायला आधी तेव्हाचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागतो, कारण आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हा सगळा मुलूख इंग्रजी सातारा जिल्ह्यात होता. सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी. मिरजेच्या दोन पात्या, त्यांतल्या धाकट्या पातीची गादी बुधगावला. पलीकडे जत, वर फलटण, आणि या सगळ्यांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले पंतप्रतिनिधींचे औंध. कुंडल हा औंधचाच भाग आणि १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर वसवलेली किर्लोस्करवाडीही औंधच्याच हद्दीत. मिरजेहून पुण्याकडे निघालेला प्रवासी काही तासांत तीन-चार राजवटींच्या हद्दी ओलांडत असे आणि बहुधा त्याला ते जाणवतही नसे. पोलिसांना मात्र जाणवत असे. एका हद्दीतल्या फौजदाराचा अंमल दुसऱ्या हद्दीत चालत नव्हता. वॉरंट, जामीन, सभाबंदी हे सगळे हद्दीबरोबर बदलत असे. या फाटाफुटीचे दोन परिणाम झाले. इंग्रजी जिल्ह्यात बंदी असलेल्या गोष्टीला संस्थानात थोडी मोकळीक मिळू शकत होती आणि भूमिगतांना एका राजवटीतून दुसरीत सरकायला वाट मिळत होती. सांगलीतल्या उत्सवाला आणि कुंडल परिसरातल्या प्रतिसरकारच्या बंडाला या एकाच भूगोलाने आसरा दिला.

जमण्याची परवानगी हा मराठी रंगभूमीचा जन्मापासूनचा विषय आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले ते सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आज्ञेने. त्याआधी कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली होती. त्या धर्तीवर, पण अधिक नेटके आणि मराठीत काही व्हावे, अशी आप्पासाहेबांची इच्छा होती. इथे काळ लक्षात घ्यायला हवा. १८३९ साली इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले होते. त्यांचे गाऱ्हाणे मांडायला रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षे खेटे घालत होते. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्यच खालसा झाले. सांगलीचे राज्य टिकले, पण लढाई करणे, तह करणे, फौज वाढवणे या राजेपणाच्या मूळ गोष्टी दरबाराच्या हातून गेल्या होत्या. अशा दरबाराने कलेला आश्रय देण्यामागे रसिकता होतीच, आणि स्वतःच्या हुकुमाने लोक जमवण्याचे जे थोडे अधिकार उरले होते त्यांतला तो एक होता. १८५१ मध्ये आप्पासाहेब वारले, दरबारचा आधार सुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावे लागले. १८५३ साली मुंबईत त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले. राजाच्या आज्ञेची जागा तिकिटाने घेतली. ज्याच्याकडे पैसे तो आत, इतका साधा नियम झाला आणि ‘प्रेक्षक’ नावाचा एक नवा समाज तयार झाला.

हा समाज सरकारच्या डोळ्यांवर यायला फार वेळ लागला नाही. १८७६ साली नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा आला. त्या कायद्याचा धाक खरा होता हे दाखवून दिले सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी. १९०७ सालच्या त्यांच्या ‘कीचकवधा’त विराटाच्या दरबारातल्या द्रौपदीची विटंबना होती, पण प्रेक्षकांना कीचकाच्या जागी माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसत होता. १९१० मध्ये सरकारने या नाटकावर बंदी घातली. संहितेत महाभारताबाहेरचा एकही माणूस नव्हता. हजार माणसे एका छपराखाली एकाच अर्थाने टाळ्या वाजवतात, याची सरकारला भीती वाटली. म्हणून सांगलीची नाट्यपरंपरा राजकारणापासून अलिप्त होती, असे म्हणता येत नाही. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी ‘शारदा’मधून जरठ-कुमारी विवाहावर घाव घातला, खाडिलकरांनी साम्राज्यावर. १९४३ साली शताब्दीसाठी जमलेल्यांच्या मागे हा वारसा उभा होता.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा जमण्यावरची बंधने आवळली गेली. भारत संरक्षण कायद्याखाली सभा, मिरवणूक, छापील कागद, सगळ्यावर लगाम आला. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे पुढारी गजाआड गेले आणि सातारा जिल्ह्याने आपला मार्ग काढला. ठरले ते असे की गावोगावच्या लोकांनी उघडपणे, हातात शस्त्र न घेता, तालुक्याच्या कचेरीवर चालून जायचे आणि तिच्यावर तिरंगा लावायचा. २४ ऑगस्टला कराडला मोर्चा निघाला, ३ सप्टेंबरला तासगावला. ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीसमोर पोलिसांनी गोळीबार केला. परशुराम घार्गे यांच्यासह अनेक जण जागीच पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला पुन्हा गोळीबार झाला आणि किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले तरुण इंजिनिअर उमाशंकर पंड्या आणि कामेरीचे विष्णू बारपट्टे मारले गेले. या मोर्चांचा उद्देश कचेरी जाळणे हा नव्हता. कुणालाही न विचारता हजारोंनी एका जागी उभे राहणे, हीच त्यातली कृती होती, आणि वडूज-इस्लामपूरच्या गोळ्या त्याच कृतीला मिळालेले उत्तर होते. सरकारला कीचकवधाच्या प्रेक्षकाची जशी भीती वाटली होती तशीच ती मोर्चातल्या माणसाची वाटली. फरक हा की या माणसाने तिकीट काढले नव्हते.

उघड जमणे अशक्य झाल्यावर जमणे रात्रीवर गेले. १९४३ च्या उन्हाळ्यापासून सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. नाना पाटील, किसन वीर, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड, नाथाजी लाड, पांडू मास्तर अशी नावे त्यात होती. येडे मच्छिंद्रच्या नाना पाटलांनी १९३० मध्ये तलाठ्याची नोकरी सोडलेली. त्यांचे भाषण गावकरी बोलीतले, दाखल्यांनी भरलेले आणि तासन् तास चालणारे. रात्री एखाद्या मळ्यात निरोप जायचा आणि पोलिसांना कळेपर्यंत सभा उरकलेली असायची. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराचे पैसे नेणारी गाडी लुटली गेली, आणि पुढच्या वर्षी १४ एप्रिलला बापू लाड आणि त्यांचे साथी खानदेशातल्या चिमठाण्याच्या खजिनालुटीतही होते. इतिहासात या लुटी ठळक होतात, पण प्रतिसरकारचे रोजचे काम वेगळे होते. गावाची न्यायमंडळे भांडणे मिटवत, सावकाराकडे अडकलेली जमीन सोडवत, दारूबंदी करत, धान्याच्या काळ्या बाजारावर नजर ठेवत. कर्ज न काढता, मानपान न करता होणारी गांधी लग्ने लावली जात. तुफान सेनेत तरुण कवायत शिकत. शाहीर शंकरराव निकम गावोगाव पोवाडे गात होते आणि त्यांना शब्द पुरवणाऱ्यांत कुंडल-औंधच्या शाळांत शिकलेला ग. दि. माडगूळकर नावाचा तरुण होता. माडगूळकरांचे धाकटे भाऊ व्यंकटेश शाळा सोडून याच चळवळीत शिरले. पुढे मराठी साहित्याला या दोन भावांनी काय दिले ते सांगायला नको. पण त्यांच्या घडणीत अशा रात्रीच्या सभांचाही वाटा होता, हे विसरून चालणार नाही.

प्रतिसरकारची न्यायमंडळे आकाशातून पडली नव्हती. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक होते. १९३८ साली त्यांनी औंधला चित्र-शिल्पांचे संग्रहालय उभे केले आणि पुढच्याच वर्षी गांधीजी आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी घटना जाहीर केली. तिचा पाया गावपंचायत होता. गावातली लहानसहान प्रकरणे गावाने बसून सोडवायची, असा कायदाच झाला. आटपाडीजवळ त्याच सुमारास स्वतंत्रपूर नावाची कुंपणाविना कैद्यांची वसाहत सुरू झाली आणि पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाला तिनेच कथा दिली. कुंडलच्या माणसाला चार वर्षे कायदेशीरपणे पंच म्हणून बसण्याची सवय झाल्यावर बंडाच्या काळात तीच बैठक त्याने बेकायदा भरवली, असा अर्थ मला यातून काढावासा वाटतो. यावर असे म्हणता येईल की वाळवा तालुका इंग्रजी होता, तिथे औंधची घटना कुठे होती? नव्हतीच. पण वाळव्यात दुसरा वारसा होता. सत्यशोधक जलशांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपासून गावाच्या चावडीवर सावकार आणि भटजी यांचा जाहीर हिशेब मांडला होता. १९१९ साली भाऊराव पाटलांनी काले या गावी सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेने शेतकऱ्याच्या पोराला पुस्तक आणि वसतिगृह दिले. लोकांना गोलाकार बसवून एखाद्या प्रश्नाचा निकाल लावायचा, हे कौशल्य या मुलखात निरनिराळ्या वाटांनी आले होते, आणि त्यातली बरीचशी वाट कलेची होती.

आता सांगलीच्या मांडवाकडे वळू. त्याच्यावरचा पहिला आक्षेप साहजिक आहे. बंगालमध्ये लोक भुकेने मरत होते, मुंबईत त्या वर्षी रेशनिंग सुरू झाले होते, रॉकेल आणि कापड मिळेनासे झाले होते, कागदाच्या टंचाईने मासिके बारीक होत होती. अशा वर्षी शंभर वर्षांपूर्वीच्या नाटकाचा उत्सव म्हणजे सुखवस्तू लोकांचे डोळे मिटून घेणेच नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे, पण रंगभूमीची स्थिती पाहिली की तो अपुरा वाटतो. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट पडद्यावर बोलू लागला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत गंधर्व, बलवंत अशा बलाढ्य नाटक मंडळ्यांनी गाशा गुंडाळला. सांगलीत बिऱ्हाड केलेले दीनानाथ मंगेशकर एप्रिल १९४२ मध्ये पुण्यात वारले, तेव्हा एक पर्व संपल्याची भावना होती. मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने त्याच वर्षी ‘कुलवधू’ आणले, तेवढा नवा उजेड. म्हणजे शताब्दीला जमलेली माणसे भरभराटीचा सोहळा करत नव्हती. आपला धंदा आणि आपली कला मोडीत निघत असताना ती एकमेकांना धरून राहण्यासाठी आली होती. युद्धाने गाड्या कमी झालेल्या, भाडी वाढलेली, तरी ती आली. संकटकाळात लोकांनी जमण्याची गरज वाढते, आणि ज्या कारणासाठी जमता येईल ते कारण लोक शोधतात. राजकीय सभेला बंदी असताना नाट्यसंमेलन हे एक मान्य कारण होते. तुरुंगफोडीनंतर साडेतीन महिन्यांच्या आत हजारो मराठी माणसे त्याच शहरात एकत्र बसू शकली, हा त्या काळात लहान लाभ नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. अध्यक्ष सावरकर होते. १९३७ पासून ते हिंदु महासभेचे नेतृत्व करत होते, ‘छोडो भारत’ला त्यांचा पाठिंबा नव्हता आणि युद्धाच्या निमित्ताने हिंदू तरुणांनी सैन्यात शिरावे, हा त्यांचा उघड प्रचार होता. ज्या जिल्ह्यात पोरे सरकारी खजिना लुटत होती त्याच्या वेशीवर असा अध्यक्ष बसवणे म्हणजे सरकारच्या बाजूने कौल नव्हे काय? इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. सावरकर ‘संन्यस्त खड्ग’सारख्या नाटकाचे लेखक होते. ते नाटक १९३१ मध्ये दीनानाथांच्या बलवंत मंडळीने केले होते, आणि त्यांना नाटककार म्हणून बोलावण्यात अनौचित्य नव्हते. शिवाय अंदमान आणि रत्नागिरीची स्थानबद्धता भोगलेल्या माणसाला सरकारचा भाट म्हणणे इतिहासाला धरून होत नाही. तरीही निवड निरागस नव्हती. युद्धाबद्दल एक विशिष्ट भूमिका असलेला माणूस मांडवात चालत होता आणि दुसऱ्या भूमिकेची माणसे तुरुंगात किंवा उसाच्या फडात होती. परवानगी नेहमी निवड करते. तिच्यामुळे कोण बोलेल हे ठरते आणि कोण बोलणार नाही हेही ठरते. उत्सवाच्या संयोजकांवर ठपका ठेवण्यापेक्षा परवानगीचा हा स्वभाव ओळखणे मला महत्त्वाचे वाटते.

युद्धाबद्दलच्या भूमिका तेव्हा किती गुंतलेल्या होत्या, याचा दाखला याच मुलखातून मिळतो. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा अण्णा भाऊ साठे हा मातंग कुटुंबातला तरुण मुंबईत गिरणगावात लाल बावट्याखाली उभा होता. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केल्यानंतर कम्युनिस्ट पक्षाने या युद्धाला लोकयुद्ध ठरवले होते. अण्णा भाऊंनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला आणि १९४४ मध्ये अमर शेख, द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढले. त्यांच्या जन्मगावाभोवती नाना पाटलांचे बंड हेच युद्ध लढणाऱ्या इंग्रज सरकारविरुद्ध पेटलेले होते. दुसरीकडे याच जिल्ह्यातल्या घराघरांतून पोरे मराठा पलटणीत दाखल होत होती. साताऱ्याजवळचे अपशिंगे पहिल्या महायुद्धापासून आपल्या सैनिकांसाठी ओळखले जाते. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ पासून हजारो पोलिश निर्वासितांची छावणी होती. एकाच मुलखाशी सरकारचा सैनिक, सरकारचा शत्रू, हिटलरविरुद्ध पोवाडा गाणारा आणि हिटलर-स्टालिन दोघांनी बेघर केलेला पोलिश निर्वासित असे चौघे जोडलेले होते. त्यामुळे १९४३ च्या सांगलीला ‘देशभक्त’ आणि ‘सरकारधार्जिणे’ अशा दोन रांगांत उभे करता येत नाही.

तिसरा आक्षेप प्रतिसरकारच्या बाजूने येईल. ज्या लढ्यात माणसे मेली त्याची तुलना नाटकाच्या मांडवाशी करणे म्हणजे त्याला खेळ ठरवणे, असे कुणी म्हणेल. मला असे ठरवायचे नाही. मुद्दा लोकांना एकत्र आणण्याच्या आणि त्यांना धरून ठेवण्याच्या विद्येचा आहे, आणि ती विद्या चळवळीने जाणून वापरली. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई यांनी सांगितलेला प्रसंग याची साक्ष देतो. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातली हत्यारे हस्तगत करायची होती. एका साथीदाराने हौसाताईंच्या नवऱ्याची भूमिका घेतली, त्याने त्यांना ठाण्यासमोर मारहाण केली, त्यांनी आकांत केला आणि पोलीस सोडवायला बाहेर आले तेवढ्यात बाकीच्यांनी आतले काम उरकले. नाट्यशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात नसलेला हा प्रयोग होता आणि मार खरा होता. याच्या उलट बाजूचाही आक्षेप आहे. प्रतिसरकार म्हणजे दरोडेखोरांची टोळी, असे तेव्हाचे सरकार म्हणत होते. खबऱ्यांना आणि गुंडांना झालेल्या शिक्षा क्रूर होत्या हे नाकारता येत नाही. तळपायांवर मार बसत असे, आणि दिलेल्या निकालावर अपील नव्हते. पण टोळीला गावाची बैठक लागत नाही, लग्नाचा खर्च कमी करण्याशी तिचा संबंध नसतो आणि तीन वर्षे हजारो माणसे तिला भाकरी पुरवून तोंड मिटून राहत नाहीत. परवानगीविना जमलेल्या लोकांमध्ये स्वतःची शिस्त तयार होऊ शकते, हे प्रतिसरकारने दाखवले. त्या शिस्तीवर कुणाचा अंकुश असणार, हा प्रश्न मात्र त्याने सोडवला नाही.

मांडवाची खरी मर्यादा माझ्या मते अध्यक्षाच्या राजकारणापेक्षा शताब्दीच्या हिशेबातच होती. १८४३ हे आरंभवर्ष धरले की मराठी नाटक दरबारात जन्मते. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेली मराठी नाटके या हिशेबाबाहेर राहतात. लळित, दशावतार, तमाशा यांची शतके पूर्वरंग म्हणून बाजूला होतात. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये लिहिलेले ‘तृतीय रत्न’ तर छापून यायलाच १९७९ साल उजाडले. ज्या वाळवा तालुक्यात प्रतिसरकार नांदत होते त्याच तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव १९४३ साली हयात होते. उभ्या महाराष्ट्राच्या फडांना लावण्या पुरवलेला हा माणूस १९४५ च्या डिसेंबरात हलाखीत वारला. शताब्दीचा मांडव कितीही मोठा असला तरी त्याच्या वंशावळीत बापूरावांचे खाते नव्हते. संमेलनाध्यक्ष माटे यांनी अस्पृश्यांच्या वस्तीत वर्षानुवर्षे शिकवले होते आणि ‘उपेक्षितांचे अंतरंग’ लिहिले होते, म्हणून सांगलीच्या व्यासपीठाला या उणिवेची जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. पण जाणीव एका व्याख्यानात मावते आणि वंशावळ बदलायला पिढ्या लागतात. रात्रीच्या सभेत पोवाड्याला जे स्थान मिळाले ते दिवसाच्या मांडवात मिळाले नाही.

युद्ध संपले, १९४६ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळ आले, भूमिगत उघडे झाले. १९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगलीचे नाव मिळाले. ज्या हद्दींनी मांडवाला मोकळीक आणि बंडखोराला वाट दिली होती त्या पुसल्या गेल्या. परवानगीचा प्रश्न मात्र पुसला गेला नाही. स्वराज्याच्या पहिल्याच वर्षांत बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर बंदी आणली, आणि ती उठली तेव्हा संहिता आधी तपासून घेण्याची अट आली. १९५४ पासून नाट्यसंहिता तपासणारे सरकारी मंडळ बसले. १८७६ च्या कायद्याखाली इंग्रज जे करत होता तेच आपल्या हातांनी सुरू झाले. त्याला उत्तरही याच दोन परंपरांच्या मिलाफातून आले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख आणि अण्णा भाऊंचा डफ, नाटककार अत्र्यांचे शिवाजी पार्कवरचे भाषण आणि नाना पाटलांची सभा एकाच व्यासपीठावर आली. १९५७ मध्ये नाना पाटील साताऱ्याहून लोकसभेत गेले, आणि त्याच निवडणुकीत कराडला यशवंतराव चव्हाणांना निसटता विजय मिळाला. १९४३ साली मांडवातला प्रेक्षक आणि मळ्यातला श्रोता हे दोन वेगळे समाज होते. तेरा-चौदा वर्षांनी ते एका मैदानात बसले आणि राज्याची सीमा त्यांनी ठरवली.

आज सांगलीत ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन होतो, विष्णुदास भाव्यांच्या नावाचे पदक ज्येष्ठ कलावंताला दिले जाते, आणि २४ जुलैला तुरुंगफोडीतल्या हुतात्म्यांना अभिवादन होते. दोन्ही कार्यक्रमांना येणारी माणसे बऱ्याचदा वेगवेगळी असतात, भाषणेही वेगळी. हा वेगळेपणा सोयीचा आहे, कारण त्यामुळे नाटकवाल्यांना राजकारणाचे उत्तर द्यावे लागत नाही आणि राजकारण्यांना लोकांच्या जमण्यावरची आजची बंधने समजावून सांगावी लागत नाहीत. पण १९४३ चा पुरावा या सोयीच्या विरोधात जातो. त्या वर्षी सांगलीने सिद्ध केले की परवानगीने जमलेला समाज भाषा, कला आणि स्मृती टिकवू शकतो, आणि साताऱ्याने सिद्ध केले की परवानगीविना जमलेला समाज सत्ता हलवू शकतो. पहिल्याला आपल्या मांडवाबाहेर कोण उभे आहे ते दिसत नाही आणि दुसऱ्याला स्वतःच्या निकालावर अपील सुचत नाही. या दोन उणिवा एकमेकांच्या साक्षीनेच उघड्या पडतात, म्हणून या प्रदेशाचा इतिहास लिहिणाऱ्याने तुरुंगफोड आणि शताब्दी एकाच प्रकरणात लिहायला हव्यात.